डोक्याची मागची बाजू

न्हाव्याने छोटा आरसा त्याच्या मागे धरला आणि विचारलं, "ठीक आहे का?" समोरच्या मोठ्या आरशात त्याला एक डोकं दिसलं, मागून. मधोमध बशीएवढी जागा अगदी मोकळी, दिव्याखाली चकाकणारी, आणि भोवती नुकत्याच कापलेल्या केसांचं कुंपण. त्याला वाटलं, मागच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाचं असेल. त्या बिचाऱ्याला नीट दिसावं म्हणून तो जरा बाजूला सरकला. ते डोकंही सरकलं.

"हे माझं?"

"मग काय माझं?" न्हावी हसला. "साहेब, हे आजकालचं नाही. पाच-सात वर्षांचं तरी जुनं आहे. आतापर्यंत कुणाकडे कापत होता?"

"बायको कापायची. घरीच."

"हात सोन्याचा आहे त्यांचा. या बाजूचे लांब ठेवलेले, गोल फिरवून वर आणलेले, आणि ते घसरू नयेत म्हणून खालून आखूड केसांचा टेकू. मीसुद्धा आधी फसलो. तुम्ही बारीक करा म्हणालात म्हणून कापले, नाहीतर हात लावला नसता. सांगा त्यांना, घरी बसून कंटाळा आला तर इथे या. खुर्ची देतो."

"सांगतो," तो म्हणाला. ती जाऊन चार महिने होत आले होते. केस कॉलरवर येऊन टोचायला लागले म्हणून तो आत शिरला होता, लग्नानंतर पहिल्यांदाच.

रस्त्यावर आल्यावर डोक्याला मागून वारा लागला. तिथे वारा लागतो हे त्याला माहीतच नव्हतं. हात आपोआप मागे गेला; मग लक्षात आलं की डोक्यामागे हात धरून चालणारा माणूस पोलिसांनी पकडून नेल्यासारखा दिसतो, म्हणून त्याने तो खाली घेतला आणि भिंतीच्या कडेने चालायला लागला. मागून कुणाच्या चपला वाजल्या की तो थांबायचा, दुकानाची पाटी वाचल्यासारखं करायचा आणि त्या माणसाला पुढे जाऊ द्यायचा. बसमध्ये तो अगदी मागच्या बाकावर बसला, पाठ पत्र्याला लावून. समोर डोकीच डोकी होती. आयुष्यभर त्याने माणसं पुढून पाहिली होती. माणसाची मागची बाजू इतकी उघडी असते, आणि ज्याची त्यालाच दिसत नाही, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच मागे लागलेला होता.

आणि हे व्हावं चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या माणसाचं. भिंतभर आरसे, काउंटरवर आरसे, गिऱ्हाइकाच्या हातात आरसा. दिवसभर तो स्वतःला पाहायचा: भांग, मिशी, खिशाचं पेन. चेहऱ्याचा माणूस होता तो. गिऱ्हाइकाने फ्रेम डोळ्यांवर चढवली की मान किंचित कलती करून म्हणायचा, "शोभतोय." कुणी विचारलं, "यात वय जास्त वाटतं का हो?" तर म्हणायचा, "उलट दहा वर्षं उतरली." हे खोटं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. माणूस दुकानातून खूश होऊन जातो, घरी जाऊन खूश राहतो, यात खोटं काय? दुसऱ्या दिवशी तो दुकानात शिरला तेव्हा मागच्या खोलीत काचा घासणारा, ज्याचं नाव त्यानेच 'पावडर' ठेवलं होतं, मान वर करून पाहत राहिला आणि मग त्याने घाईघाईने यंत्र चालू केलं. सगळ्यांची नावं त्यानेच ठेवली होती. मालक 'उतारा', कारण बोलताना चष्मा नाकावरून घसरायचा. हिशेबाची बाई 'बेरीज'. त्याचं स्वतःचं नाव काय ठेवलंय, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आता त्याला आठवलं: पंख्याच्या वाऱ्यात तो काउंटरवरून वळला की मागच्या खोलीतून कुणीतरी म्हणायचं, "खिडकी उघडी आहे रे." आणि तो, कामसू माणूस, उठून जाऊन खिडकी लावायचा. बंदच असायची ती बरेचदा. तो कडी पुन्हा दाबून यायचा, आणि त्याच्या पाठीमागे हसू फुटायचं. त्याला वाटायचं, किती खेळीमेळीचं दुकान आहे.

हे सगळं सोसलं असतं. माणसं हसतात, तोही हसत आला होता. त्याच्या जिव्हारी लागलं ते दुसरंच. बायको रोज सकाळी, तो निघताना, दारात म्हणायची, "अहो, थांबा जरा." हात ओला करून यायची आणि तळवा त्याच्या डोक्यामागे ठेवायची. क्षणभर दाबायची, मग सोडायची. "केस उभे राहिलेत." तो वैतागायचा, मान झटकायचा, कधी म्हणायचा, "पुरे, मी काय शाळेत चाललोय?" पण ती दवाखान्यात पडली तेव्हाही तिने ते सोडलं नाही. पलंगाजवळ बोलवायची, "जरा वाका," आणि पेल्यात बोटं बुडवून तोच हात. ती गेल्यावर त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. बाकीचं सगळं दुखणं, वास, नळ्या, तिचं शेवटचं तोंड उघडं टाकून झोपणं. ते आठवायला नको वाटायचं. पण तो ओला तळवा तो रोज आठवायचा, झोपताना उशीवर डोकं ठेवलं की. कधी तोंडाने न बोललेली बाई हाताने बोलली, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. आणि आता एक परका माणूस कात्री घेऊन सांगत होता की ती टक्कल झाकत होती.

म्हणून तो त्वचेच्या डॉक्टरिणीकडे गेला. कुणाला सांगितलं असतं तर वेड लागलंय म्हणाले असते, पण त्याचा हिशेब सरळ होता. ती जागा भरली, केस उगवले, तर झाकण्यासारखं काही उरत नाही. आणि झाकण्यासारखं काही नसेल तर तिचा हात नुसता हात होता. बाहेर बाकावर टोप्या घातलेली पोरं ओळीने बसली होती. शेजारी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली होती. मुलगा मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलेला, आणि त्याच्या वाट्याचं बोलणंही तीच बोलत होती. "याचं लग्न जमायचंय अजून. फोटो पसंत पडतो, भेटायला गेलं की नकार येतो. तुमचं तर सगळं उरकलं असेल. तुम्हाला या वयात कशाला हो टोचून घ्यायचं?"

"माझंही बायकोशीच जमायचंय," तो म्हणाला.

"भांडण झालंय वाटतं," बाई सहानुभूतीने म्हणाली. "बायका केसांवर जात नाहीत हो. तुम्ही आपले सॉरी म्हणून मोकळे व्हा."

डॉक्टरीण त्याच्या मुलीहून लहान असेल. तिने दिवा लावलेलं भिंग डोक्यावर फिरवलं आणि स्वच्छ सांगितलं, "काका, तुमचंच रक्त काढायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं. तांबडं खाली बसतं, वर पिवळं पाणी राहतं. त्यात प्लेटलेट असतात. ते पाणी डोक्याच्या कातडीत टोचायचं. याला पीआरपी म्हणतात. मुळं जिवंत असतील तिथले केस जरा जाड होतात. कडेला तुम्हाला फायदा होईल. मधे काही नाही."

"मधे काही नाही म्हणजे?"

"मुळंच गेलीत. आधी आला असतात तर बघता आलं असतं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

"लक्षात आलं होतं," तो म्हणाला. "मधे द्या."

"उपयोग नाही काका. नुसतं दुखेल."

"तरी द्या."

तिने खांदे उडवले. रक्त काढलं, नळी यंत्रात ठेवली, समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवली. नाहीतर यंत्र थडथडतं, ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने नळी उजेडात धरून दाखवली. तो रंग त्याला पाठ होता. दवाखान्यात बायकोच्या उशाशी त्याच रंगाच्या पिशव्या लटकायच्या. तिच्या अंगात प्लेटलेट तयार होणं बंद झालं होतं. दुसऱ्यांचे चढवायचे, सकाळी चढवलेले संध्याकाळपर्यंत नाहीसे व्हायचे. त्याचेही घेतले होते. मोठ्या यंत्राशेजारी आडवा पडून त्याने ते दिले आणि पिशवी लागली तेव्हा मुद्दाम तिच्यासमोर उभा राहिला, दुकानात राहतो तसा मान कलती करून. "हे काय हो पिवळं?" तिने विचारलं होतं. "ताकदीचं आहे," तो म्हणाला. "बरं," ती म्हणाली. त्याचे प्लेटलेटही टिकले नाहीत. तिथे एका माणसाला जगवता आलं नाही त्यांना, आणि आता ते केस उगवणार होते.

तिला काही कळू द्यायचं नाही, हे त्यानेच ठरवलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी त्याला आणि मुलीला बाहेरच्या व्हरांड्यात नेऊन सांगितलं की हे बरं होणारं नाही; पेशंटला सांगायचं का, ते घरच्यांनी बघावं. "अजिबात नाही," तो लगेच म्हणाला. असंच करतात सगळे. त्याच्या आईच्या वेळीही वडिलांनी असंच केलं होतं. मग त्याने ते दुकानासारखं चालवलं. भेटायला येणाऱ्याला तो जिन्यापाशीच गाठायचा: आत रडायचं नाही, बारीक झालीस म्हणायचं नाही, रक्त जरा कमी झालंय एवढंच बोलायचं. एका मावशीचे डोळे भरले तर त्याने तिला जिन्यावरूनच परत पाठवलं. स्वतः तर रोज नवीन काहीतरी काढायचा. पुढच्या वर्षी घराला रंग. पुढच्या वर्षी समुद्रावर चार दिवस. नवीन गादी. ती ऐकायची आणि म्हणायची, "बरं." खोटं बोलणं हा त्याचा धंदाच होता, आणि इतकं चांगलं तो काउंटरवरही कधी बोलला नव्हता.

"डोळे मिटा," डॉक्टरीण म्हणाली. मदतनीस मुलीने कपाळावर थंड पिशवी धरली. कडेच्या टोचण्या मुंगी चावावी तशा होत्या. मग सुई मधे आली. तिथे कातडीखाली लगेच हाड, मांस नाहीच. सुई आत गेली की कानांत बारीक करकर ऐकू यायची आणि पाणी शिरायला जागा शोधत कातडी हाडापासून उचलायचं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बोलत राहा काका, कमी दुखतं," ती म्हणाली. पण बोलण्याऐवजी त्याला मेहुणा आठवला.

मेहुणा, बायकोचा भाऊ, तरुणपणीच टकला झालेला. त्याने त्याचं नाव 'धावपट्टी' ठेवलं होतं. मेहुणा दारात दिसला की हा ओरडायचा, "दिवे लावा, विमान उतरतंय!" भाऊबहीण एकमेकांकडे पाहायचे, मेहुणा हसायचा, ती चहा टाकायला आत जायची. किती वर्षं. त्या पाहण्याचा अर्थ त्याला आता, सुईखाली, लागला. आणि मग दवाखान्यातली ती दुपार. औषधांनी तिचे केस गेले होते. मुलीने रुमाल बांधून दिला होता. मेहुणा पलंगाशी बसला होता. खोलीत कुणी बोलत नव्हतं, ते त्याला सहन होईना. जरा हसवावं म्हणून तो आत येताना म्हणाला, "आता शोभता बहीणभाऊ! घरात केसांचा म्हणून मी एकटाच राहिलो." ती भावाकडे पाहायला लागली. भाऊ तिच्याकडे. मुलीने खाली मान घातली. आणि ती हसली. लग्नात हसली नसेल अशी हसली, रुमाल सरकला, डोळ्यांतून पाणी, मग खोकला, मग नर्स धावत आली आणि तिने तोंडाला ऑक्सिजन लावला, तरी त्या मास्कमध्ये ती हसतच होती, प्लास्टिक धुरकट होत होतं. त्याला धन्य वाटलं होतं. येईल त्याला तो सांगायचा, काय हसली म्हणून सांगू. ती गेली त्या दिवशी, माणसं जमली तेव्हाही त्याने सांगितलं, "शेवटपर्यंत हसवलं मी तिला." मेहुणा तिथेच उभा होता. त्या माणसाने मान हलवली आणि म्हणाला, "हो. खरं आहे."

त्याच संध्याकाळी, हसून हसून दमलेली, तिने त्याला बोलावलं होतं. जरा वाका. तिच्या डोक्यावर एक केस नव्हता, आणि ती त्याचे बसवत होती.

दर महिन्याला तो टोचून घ्यायला जात राहिला. कडेचे केस खरंच दाट झाले, काळे झाले, राकट झाले. मधली जागा तशीच राहिली, आणि भोवतीच्या दाटीमुळे आता अशी उठून दिसायला लागली की जणू मुद्दाम आखून घेतली आहे. दुकानात आता कुणी खिडकी म्हणत नव्हतं. न म्हणता चालत होतं.

एका रविवारी मुलगी आली. आली की ती आधी ओट्यावरची भांडी घासायची आणि मग बोलायची. हात पुसत ती त्याच्या खुर्चीमागे आली आणि थांबली. "बाबा, हे लाल डाग कसले? काय करून घेतलंत?"

त्याने सांगितलं.

"या वयात? आणि मधेसुद्धा? तिथे तर..." ती बोलायची थांबली.

"तिथे काय? बोल ना. सगळ्या गावाला ठाऊक होतं, मला सोडून. तुलाही होतं."

"होतं."

"हसायचात दोघी."

"मी हसायचे," मुलगी म्हणाली. "आई नाही हसायची. ती चिडायची माझ्यावर."

त्याने ड्रॉवरमधून कात्री काढून टेबलावर ठेवली. "मग आता तिच्यासारखे कापून दे. वाढलेत थोडे. झाकता येईल."

"मला नाही येत. आईने शिकवायला घेतलं होतं, मीच नको म्हटलं."

"कधी शिकवत होती?"

"दवाखान्यात. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात. टॉवेलची गुंडाळी करून मांडीवर घेतली आणि दाखवायला लागली, कुठून धरायचं, कुठे वळवायचं. म्हणाली, मी नसताना यांना न्हाव्याकडे जाऊ देऊ नकोस. मी म्हटलं, पुरे आता हे नाटक आई, कळू दे त्यांना एकदाचं. तर टॉवेल टाकून दिला तिने आणि दिवसभर बोलली नाही."

त्याने कात्री बाजूला सरकवली. "मी नसताना, असं म्हणाली?"

आपण काय बोलून बसलो ते मुलीच्या लक्षात आलं. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. "बाबा, तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तिने मला सरळ विचारलं, मी किती दिवसांची आहे. मला नाही हो येत तुमच्यासारखं. मी रडले, तिला कळलं."

"आणि मला नाही सांगितलंत."

"तीच नको म्हणाली."

"काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांग."

"म्हणाली, एवढी वर्षं मी त्यांच्यासाठी केलं, आता ते माझ्यासाठी करतायत. करू दे. जमतंय असं वाटू दे त्यांना."

"वाईट जमत होतं का?"

"फारच वाईट, बाबा. तुम्ही समुद्राचं काढलंत की ती भिंतीकडे तोंड करायची. एकदा सांगून टाकणार होती, मला बाहेर जायला सांगितलं मुद्दाम. तुम्ही आत आलात आणि नवीन गादी किती जाडीची घ्यायची ते सांगत बसलात."

त्याला ती संध्याकाळ आठवली. हातांनी जाडी दाखवली होती त्याने. ती म्हणाली होती, "बरं."

"निघताना डोक्यावर हात ठेवायची," तो म्हणाला. "ते केसांसाठीच का?"

"केसांसाठीच. दुसरं कशासाठी?" मुलगी म्हणाली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती जरा हळू बोलली, "शेवटी शेवटी तिच्या बोटांत जोर नव्हता. केस बसायचेच नाहीत, तसेच उभे राहायचे. तरी वाकवायची तुम्हाला."

"मग ते कशासाठी?"

"मला काय माहीत? मी नाही विचारलं."

तिला उशीर होत होता. दारात तिने चपला घातल्या, पर्स खांद्याला लावली, "ते टोचणं आता बंद करा," म्हणाली, आणि क्षणभर त्याच्याकडे पाहत थांबली. तेव्हा त्याला आणखी एक विचारता आलं असतं. निदान तिला तरी माहीत असेल. पण तो म्हणाला, "लिफ्ट बंद आहे, जिन्याने सांभाळून जा." तिने मान हलवली आणि ती गेली.

डॉक्टरिणीने पुढची तारीख दिली आहे; जायचं की नाही ते त्याने कळवलेलं नाही. मेहुण्याला फोन करायचा आहे. आणि बायकोला मरणाची भीती वाटत होती का, हे कुणाला विचारायचं राहिलंच आहे.